नाही म्हणणारा हात

मंडळी, दिवाळीनंतर बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. पुतण्याने फोनवर विचारलंसुद्धा, "काकू, लेखणी मोडली का?" लेखणी शाबूत आहे, पण एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात मी अडकले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली. नगर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी तिचं ब्युटी पार्लर आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण पंचाहत्तरीला आलेल्या जिभेला 'नगर'ची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.) शाळेत ही मुलगी शेवटच्या बाकावर बसायची आणि सनावळ्यांना जाम घाबरायची. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं काम गेलं तेव्हा हिने कोर्स केला, एक खुर्ची आणि एक आरसा घेतला आणि त्यावर दोन मुलांची शिक्षणं केली. फराळाची बशी बाजूला सारून ती म्हणाली, "बाई, पार्लर बंद करावं म्हणते."

झालं होतं असं. समोरच्या गल्लीत नवं पार्लर निघालं. तिथे एक पांढरी डबी मिळते. वर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. पंधरा दिवसांत रंग उजळतो म्हणतात, आणि खरंच उजळतो. लग्नसराईच्या तोंडावर मुली हिला विचारतात, "ताई, ती डबी तुमच्याकडे नाही का?" ही 'नाही' म्हणते, की त्या रस्ता ओलांडून तिकडे जातात. नवरीच्या मेकअपच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या. नवरा म्हणतो, "तूही ठेव की डब्या. सगळेच ठेवतात."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. धंद्यातलं मला काय कळणार? पण इतिहासाच्या मास्तरणीला प्रश्न विचारला की ती मागे मागे जाते. चहा टाकला आणि तिला म्हटलं, "बस. तुझा धंदा वीस वर्षांचा नाही, फार जुना आहे. तो कसा चालत आला ते आधी बघू." त्या दिवशी तिला जे सांगितलं, आणि ती गेल्यावर वाचून-विचारून जे गोळा केलं, ते सगळं आज तुमच्यासाठी लिहून काढते आहे.

सुरुवात आमच्या वाड्याच्या ओसरीवरून करते. दर आठवड्याला गावचे न्हावी काका धोकटी घेऊन यायचे. धोकटीत वस्तरा, तो परजायचा चामड्याचा पट्टा, पितळेची वाटी, तुरटीचा खडा आणि नखं काढायची नराणी. दाढी-हजामत हे त्यांच्या कामाचं एक अंग झालं. गळू फोडणं, तेल लावून अंग रगडणं, लग्नकार्यात निरोप पोचवणं हीही कामं त्यांचीच. त्यांच्या घरच्या काकू बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येत. मोबदला म्हणून सुगीला बलुतं, म्हणजे खळ्यावर धान्य. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' हे पुस्तक 1915 साली निघालं. बलुतेदारीचा हा सगळा व्यवहार त्यात बारकाईने मांडलेला आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्या बांधलेलं होतं. एका दिवसात फसवून दोन पैसे जास्त काढायची सोय त्यात नव्हती, कारण उद्या त्याच दारात जायचं असे.

मला आठवतं, एकदा काकांनी आमच्या शेजारच्यांच्या मानेवरचा फिकट चट्टा पाहिला. सुईचं टोक हलकेच टेकवून विचारलं, "कळतंय का?" त्यांना कळलं नाही. काका कुणाला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्या सरकारी दवाखान्यात जा." महारोगाची सुरुवात होती. तेव्हा डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागत; अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली ती पुढे, 1981 साली. पण शेजाऱ्यांची बोटं वाचली. कुठल्या पुस्तकातून काका हे शिकले असतील? मान रोज हाताखालून जाते, त्यामुळे काल नव्हतं ते आज दिसतं. घरच्यांच्या आधी, डॉक्टरच्या आधी दिसतं.

आता जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. एकच वस्तरा पंचवीस गालांवरून फिरायचा, मधे फक्त पाण्याने पुसला जायचा. दाढीच्या जागी पुळ्या उठत, खरूज आणि नायटा घरोघर फिरे. रक्तातून पसरणारी कावीळ वस्तऱ्यातून जाऊ शकते हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड ही सवय आपल्याकडे लागली ती एड्सची भीती आल्यावर. आणि गावाबाहेरच्या वस्तीला ओसरीवरची ही सेवाच नव्हती. गावगाड्याने हाताला काम दिलं तसा हाताला विटाळही शिकवला.

याच हाताकडून आणखी एक काम करून घेतलं जाई. आमच्या आजीच्या आत्या सोवळ्या होत्या. मी अगदी लहान असताना त्यांना पाहिलं आहे: लाल अलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, आणि पदराखाली काही नाही. नवरा गेला तेव्हा त्यांचं वय तेरा होतं. दर काही दिवसांनी मागच्या दाराने वस्तरा यायचा. तो धरणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार आमच्या घरात कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

पण त्या माणसांनी तो केला होता. 1890 साली मुंबईत नाभिक मंडळींची मोठी सभा भरली. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. लोखंडे सत्यशोधक, म्हणजे जोतीरावांच्या तालमीतले. आणि जोतीरावांबरोबर उभ्या राहिलेल्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते आमच्या नगरला, फॅरारबाईंच्या शाळेत! (नगरच्या शिक्षिकेने हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं म्हणजे पाप.) विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या सभेत ठरलं. शास्त्री-पंडितांचे वाद वर्षानुवर्षं चालू होते. इथे हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीचं एक काम आपण होऊन सोडलं. एका दिवसात प्रथा थांबली नाही. आमच्या आत्याबाईंच्या नशिबी ती आलीच. पण ज्याच्या हातात वस्तरा आहे तोच 'नाही' म्हणाला, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

इथवर ऐकून माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, ते झालं वस्तऱ्याचं. माझं काम क्रीमचं." बरोबर आहे. मग आम्ही डबीकडे वळलो.

आपल्याकडे त्वचेची विद्या नव्हती असं नाही. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले, चरकाने सहा. सुश्रुताच्या सात थरांपैकी सर्वांत वरच्याचं नाव 'अवभासिनी', म्हणजे कांती दाखवणारी. कुष्ठाचे, म्हणजे एकंदर त्वचारोगांचे, अठरा प्रकार सांगितले आहेत. अभ्यंग आणि उद्वर्तन, म्हणजे आपलं तेल आणि उटणं, ही दिनचर्येत धरलेली आहेत. दिवाळीच्या पहाटेपुरती नव्हेत. ही विद्या नीट वर्गात बसून शिकवावी म्हणून वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली नगरला आयुर्वेद महाविद्यालय काढलं. ते त्यांच्या नावाने आजही चालू आहे. गुणेशास्त्र्यांनी औषधांच्या गुणधर्मांवर मराठीत ग्रंथ लिहिले, नगरला औषधांचा कारखाना उभारला. वैद्यकी म्हणजे घराण्याचं गुपित असं मानणाऱ्या काळात त्यांनी गुपित उघडं केलं, हे मला त्यातलं मुख्य वाटतं. काय औषध, कशापासून केलं, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे लिहून ठेवलं की विद्या होते. नाव न सांगता हातात ठेवलेली डबी ही विद्या होऊच शकत नाही.

सौंदर्यप्रसाधनं कायद्यात आली ती उशिरा. आपला औषधांचा कायदा 1940 चा. त्यात प्रसाधनं घातली गेली 1962 च्या दुरुस्तीने, आणि ती अमलात आली 1964 साली. अमेरिकेतही आधी माणसं पोळली, मग कायदा झाला. तिथे 1933 च्या सुमारास 'लॅश ल्यूअर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला होता. तो लावून घेतलेल्या काही बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एका बाईची दृष्टी गेली. त्यानंतर 1938 चा कायदा आला. त्या रंगातलं पीपीडी हे रसायन आजही केसांच्या काळ्या रंगात आणि 'काळ्या मेंदी'त असतं. म्हणून डाय लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहायची असते. आपल्यापैकी किती जणी पाहतात?

मग आलं 1975 साल. आम्हाला ते आणीबाणीमुळे पाठ. पण त्वचेच्या इतिहासातही ते मोठं साल आहे हे मला आत्ता कळलं. त्या एका वर्षात तीन क्रीमं आली. केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 साली सुरू केलेल्या विकोने हळदीचं क्रीम काढलं. (ते औषध की प्रसाधन, कर कुठला लावायचा, हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.) त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं आणि घराघरांत 'गोरेपणा' ट्यूबमध्ये मिळू लागला. त्याच्या नावातला 'फेअर' निघायला 2020 साल उजाडलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी वांगासारख्या डागांसाठी एक मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. ते होतं रोग्यासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि थोड्या दिवसांसाठी.

पुढे आपल्याकडे या तिसऱ्याचं दुसऱ्यासारखं झालं. डॉक्टरी मलम गोरेपणाचं क्रीम म्हणून मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. स्टिरॉइडने चेहरा आठ-पंधरा दिवसांत तुकतुकीत दिसतो. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. लावायचं थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. व्यसनच ते. नायट्यावर लावलं तर खाज थांबते, पण नायटा आत पसरत राहतो. उसाच्या फडात घामाने भिजून काम करणाऱ्या बायकांना विचारा. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा मार्च 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टिरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. चिठ्ठी किती ठिकाणी मागतात, हे आपण सगळे जाणतोच.

आता स्वतःचं सांगते. माझ्या कपाळावर दोन भुवयांच्या मधे पांढरा डाग आहे. आलेल्या-गेलेल्यांना मी 'जुना भाजल्याचा' म्हणून सांगत आले. तो भाजल्याचा नाही. शाळेच्या घाईत ओलं कुंकू फिसकटतं म्हणून मी टिकल्या लावू लागले, बाजारातल्या स्वस्त पाकिटातल्या. तीन-चार वर्षांत टिकलीच्या आकाराची जागा पांढरी झाली. कोड आलं म्हणून घरात रडारड. सासूबाईंनी हळदीकुंकवाला पुढे जायचं बंद करायला सांगितलं. धाकट्या नणंदेच्या लग्नाची बोलणी चालू होती ना! 1990 साली अलाहाबादच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं, की टिकलीच्या गोंदातल्या पॅरा टर्शरी ब्यूटाइल फेनॉल या रसायनाने रंग देणाऱ्या पेशी मरतात. म्हणजे हे आनुवंशिक नाही, संसर्गाचं नाही. पण ते ज्ञान आमच्या घरापर्यंत यायला आणखी कितीतरी वर्षं लागली. मी तोवर तशीच डागावर टिकली लावत होते. डाग झाकायला तीच टिकली, ज्या टिकलीने डाग पडला! त्या काळात माझ्या भुवया नीट करणाऱ्या बाईला एवढं जरी माहीत असतं, की "ताई, महिनाभर टिकली लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा," तरी नखाएवढ्यावर भागलं असतं.

म्हणून विद्यार्थिनीला मी अकोल्याची हकिकत वाचून दाखवली. 2023 च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना सूज. कुणालाच कारण कळेना. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी एकच क्रीम लावतात असं निघालं. क्रीममध्ये पारा होता. आणि ते आलं होतं ओळखीच्या ब्युटिशियनकडून. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो, आणि तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत त्याचा एक विशिष्ट प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमं लावत होते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, त्या ब्युटिशियनलाही माहीत नसेल."

नसेलच. मला तिच्यावर राग काढायचा नाही. तिलाही कुणीतरी म्हणालं असेल, 'ठेव, सगळेच ठेवतात.' पण म्हणूनच हात लावणाऱ्याला विद्या हवी. आयटीआयमध्ये आता कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात केसांच्या आणि मेकअपच्या तासाला सगळ्या मुली हजर असतात, त्वचेच्या रचनेच्या तासाला पेंगतात, असं तीच सांगत होती. (शेवटच्या बाकाचा अनुभव!) खरं तर धंदा टिकतो तो त्या पेंगायच्या तासावर.

मग आम्ही दोघींनी पाटीवर मांडतात तसा हिशेब मांडला. एक डबी विकली तर सुटणार दीड-दोनशे रुपये, एकदाच. दर महिन्याला आयब्रोला येणारी बाई पन्नास रुपये देते, म्हणजे वर्षाचे सहाशे, वीस वर्षांचे बारा हजार. शिवाय तिची मुलगी, तिची जाऊ, तिच्या घरची लग्नं. डबीने चेहरा बिघडला की पहिली ती जाणार आणि गावभर सांगणार. बलुतं गेलं आणि रोकड आली, तरी गाव तेवढंच आहे, उद्या त्याच रस्त्याने जायचं आहे.

हे सगळं तिला पटलं. पण ती उठताना म्हणाली, "बाई, वीस वर्षांचा हिशेब खरा, पण या महिन्याचं भाडं आहे ना." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिहासाकडेही नव्हतं. 1890 साली वस्तरा खाली ठेवणाऱ्यांच्या घरी त्या महिन्यात काय शिजलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली. पार्लर चालू आहे. ऑर्डरी अजून कमीच आहेत. तिने एक वही घातली आहे. कोणाला काय लावलं, कोणाला कशाची ॲलर्जी, कोणाला डॉक्टरकडे पाठवलं, सगळं तारखेसह लिहिते. टॉवेल प्रत्येकीला वेगळा, अवजारं उकळून. समोरच्या गल्लीतली डबी लावलेली एक मुलगी लालबुंद गाल घेऊन तिच्याकडे आली होती. हिने फेशियल केलं नाही, पैसे घेतले नाहीत, नगरला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. "उगाच 'मी बरं करते' म्हटलं असतं तर पाचशे मिळाले असते," असं हसत म्हणाली. मला एकदम ओसरीवरचे न्हावी काका दिसले.

असो. लेख लांबला. आता माझ्या लेकी-सुना, भाच्या-पुतण्या जे कोणी वाचत असतील त्यांना एक गृहपाठ. उठा आणि आरशासमोरच्या डब्या उलटून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी आणि वापरायची मुदत, एवढं छापलेलं असलंच पाहिजे. परदेशातली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. आपल्या नियमांप्रमाणे क्रीममध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. तो आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, लेबल मात्र दिसतं. ज्या डबीवर काही लिहिलेलं नाही ती कितीही जवळच्या माणसाने दिली तरी लावू नका. आणि तुमच्या पार्लरवाल्या ताई कधी "हे मी करणार नाही" म्हणाल्या, तर रस्ता ओलांडून समोर जाऊ नका. पुढच्या महिन्यातही त्यांच्याकडेच जा. त्यांच्या त्या महिन्याच्या भाड्यात तेवढाच तुमचा हातभार.